राखणदाराची विडी

सरकारी कागदावर त्या कामाचं नाव ‘तण व झुडपे निर्मूलन तथा आग प्रतिबंधक उपाययोजना’ असं होतं. करमळवाड्यावर त्याला बेणणी म्हणत. नाव कितीही लांब केलं तरी काम तेवढंच: पावसात माणसाच्या उंचीचं माजलेलं रान थंडीत कोयत्याने आडवं करायचं, म्हणजे उन्हाळ्यात ते पेट घेऊन काजूच्या बागांवर उठत नाही. कोरगावच्या पलीकडे, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पायथ्याशी वसलेल्या त्या गावात पंचायतीचा शिपाई गोकुळदास हे काम तीस वर्षं करत आला होता. करत आला होता म्हणजे, कोयता त्याच्या हातात फारसा कोणी पाहिला नव्हता. माणसं गोळा करणं, कुठून कुठपर्यंत कापायचं ते दाखवणं आणि दर अर्ध्या तासाने ‘चला रे, हात चालवा’ म्हणणं एवढं तो करी, आणि मनापासून करी. सरपंच आले आणि गेले, सेक्रेटरी बदलत राहिले, पण कुठला दगड कुणाच्या हद्दीत हे विचारायला सगळे शेवटी त्याच्याकडेच येत. येत्या एप्रिलात त्याला साठ पूर्ण व्हायचे होते. निरोप समारंभात कोण काय बोलेल याची त्याने मनातल्या मनात यादीही करून ठेवली होती.

या तीस वर्षांत एक गोष्ट बदलली नव्हती. बेणणीचा पहिला कोयता पडण्याआधी राखणदाराला राखण द्यायची. सड्यावर चढणाऱ्या वाटेच्या वळणाला त्याचा धोंडा आहे. राखणदाराला कोणी पाहिलेलं नाही, पण तो दांडा घेऊन गावाची शीव फिरतो असं सगळे सांगतात. आणि जे असलं काही मानत नाहीत तेसुद्धा त्या वळणावर हॉर्न वाजवूनच पुढे जातात. देव असला तरी त्याच्या आवडीनिवडी गड्यामाणसाच्या: एक पाव, घोटभर काजूची दारू आणि पेटवलेली विडी. गोकुळदास गाऱ्हाणं घाली, धोंड्यावरच्या खळग्यात विडी ठेवी आणि सगळे कामाला लागत. दोनच नेम होते, आणि ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. राखण देऊन निघालेल्याने मागे वळून पाहायचं नाही. आणि राखण देऊन येणाऱ्याला वाटेत कोणी हाक मारायची नाही.

मागच्या वर्षी हे सगळं बिनसलं. नव्या सेक्रेटरीने निविदा काढली, निविदेला मुदतवाढ दिली, मुदतवाढीवर खुलासा मागवला, आणि डिसेंबरात व्हायची बेणणी मार्चवर गेली. बाहेरगावचा एक कंत्राटदार चार कटर मशीनं आणि दहा माणसं घेऊन आला. राखण द्यायचं गोकुळदासने काढलं तेव्हा सेक्रेटरी म्हणाला, “सरकारी कामात दारू आणि विडी? उद्या कोणी माहितीच्या अधिकारात विचारलं तर मी काय सांगू?” राखण राहून गेली. तीन दिवसांत मशीनांनी रान सपाट केलं, कापलेल्या करडाचे, म्हणजे सुक्या गवताचे, आणि झुडपांचे ढीग जागच्या जागी टाकले, आणि कंत्राटदार कामाचे फोटो काढून निघून गेला.

चौथ्या दिवशी गोकुळदासला घास गिळेना. तीस वर्षांत पहिल्यांदा राखण चुकली होती. गावावर काही आलं तर? भर दुपारी बारा वाजता तो ताटावरून उठला. औषधाच्या रिकाम्या बाटलीत घोटभर दारू घेतली, रुमालात पाव बांधला आणि कोणाला न सांगता सड्याची वाट चढला. गाऱ्हाणं घातलं, विडी पेटवली, दोन झुरके मारून ती खळग्यात ठेवली आणि नेमाप्रमाणे मागे न पाहता खाली उतरला. जीव असा हलका झाला की घरी येऊन तो दोन घास जास्तच जेवला.

अडीच वाजता सड्यावरून धूर उठला. पेडण्याहून आगीचा बंब आला, पण तो चढ चढेना. माणसं ओल्या फांद्या घेऊन धावली. तिन्हीसांजेपर्यंत यशोदाच्या बागेतली त्रेचाळीस काजूची झाडं गेली, ऐन बोंडं धरायच्या दिवसांत.

त्या दिवसापासून गोकुळदासने एकच विचार शंभर वेळा केला होता. विडी जळायला लागतात दहा मिनिटं. आपण साडेबाराला खाली आलो. धूर अडीचला. मध्ये दोन तास गेले. ती विडी असूच शकत नाही. हा विचार केला की त्याला झोप लागे. पण दर चार दिवसांनी तो पुन्हा करावा लागे.

या वर्षी वॉर्डाची पंच विनोदिनी हिने सगळं आपल्या हातात घेतलं. पंधरा वर्षं अंगणवाडीत मुलं सांभाळलेली बाई. पंचायत सांभाळायला तिला वेगळं काही शिकावं लागलं नव्हतं. कंत्राटदार नको, मशीनं नकोत, काम गावातल्या माणसांकडून करून घ्यायचं, आणि कापलेलं त्याच दिवशी उचलायचं, असं तिने ठरवलं. अर्ज एकच आला, महादेवचा. महादेव मूळचा दोडामार्गाकडचा. पाळी गावातल्या खाणीवर कामाला होता. खाण बंद पडली तसा कोयता घेऊन इकडे आला आणि बारा वर्षं वाड्यावर भाड्याच्या खोलीत राहत होता. मागच्या वर्षी तो कंत्राटदाराच्या दहा माणसांत होता. या वेळी त्याने स्वतःच्या नावाने लिहून दिलं: सात माणसं, सगळं हाताने, कापलेलं उचलून देणार.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विनोदिनीने शाळेच्या हॉलमध्ये आगीबद्दल माहितीची सभा ठेवली. अग्निशमन दलातले गौरेश म्हणून एक अधिकारी डिचोलीहून आले होते. त्यांना दाखवायला तिने मागच्या वर्षीचा फोटो पडद्यावर लावला. यशोदाच्या नुकसानभरपाईच्या अर्जासाठी तो काढला होता, आणि काढला होता लग्नाचे फोटो काढणाऱ्या अक्षयने, ड्रोन उडवून. एरवी नवरा-नवरीवर फुलं पडताना दिसायची त्या उंचीवरून सडा दिसत होता, आणि त्यात एक मोठा काळा डाग.

गौरेश काठी घेऊन पडद्याजवळ गेले. “हे बघा,” ते म्हणाले, “आग लागते तिथे ती लहान असते. वारा नेईल तशी ती पसरत जाते. हा डाग कसा आहे? सुपासारखा. रुंद बाजू बागेकडे. मग निमुळती बाजू बघायची. सुरुवात तिथे.” त्यांनी काठी टेकवली. “इथे काय आहे?”

“थंय काय ना,” कोणीतरी म्हणालं. “राखणदाराचो धोंडो आसा.”

हॉलमध्ये हशा पिकला. गोकुळदास चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. तोही हसला, कारण सगळे हसत होते.

“पण आग लागली अडीचला,” मागून एक जण म्हणाला. “मजूर तर आदल्याच दिसा गेल्ले.”

“धूर अडीचला दिसला,” गौरेश म्हणाले. “सुक्या गवताच्या ढिगात ठिणगी पडली तर ती लगेच पेटत नाही. आतल्या आत धुमसते. दोन तास, चार तास, कधी रात्रभरसुद्धा. वारा लागला की मग भडका.”

गोकुळदासने ट्रे शेवटच्या बाकावर टेकवला. दोन तास. वर्षभर ज्या दोन तासांवर तो झोपत आला होता ते या माणसाने चार वाक्यांत काढून घेतले.

मग पुढचं आपोआप घडत गेलं. एकाने सांगितलं, मजूर त्या धोंड्यापाशीच जेवायला बसत आणि विड्या ओढत. दुसऱ्याने सांगितलं, कोणी तरी मागे राहिलेली कोयती आणायला चौथ्या दिवशी वर गेलं होतं. कोण? महादेव. महादेव मागच्या भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, “गेल्लंय. कोयती घेवन आयलंय. मी विडी ओढणंय नाय. तंबाखू खातंय.” आता तंबाखू खाणारा विडी ओढत नाही याला पुरावा काय, असं कोणी म्हणालं, आणि ते सगळ्यांना पटलं. राखणदाराच्या धोंड्यावर बसून विडी ओढली, म्हणून हे झालं, असं एक म्हातारा म्हणाला तेव्हा तर प्रश्नच संपला.

यशोदा पुढच्या बाकावर होती. तिचा नवरा सगुण पाठीच्या दुखण्याने घरीच असतो. ती बाग तिनेच लावली, तिनेच वाढवली. तिने फक्त एकदा मागे वळून महादेवकडे पाहिलं.

विनोदिनीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “हांगा कोणाचो न्याय करूक नाका. पुढच्या आयतारी ग्रामसभा आसा. म्हादेवाचो अर्ज आणि पोलिसांत तक्रार, दोनूय विषय थंय घेवया.”

सभा सुटल्यावर गोकुळदास कप गोळा करत होता. महादेवने आपला कप आणून ट्रेमध्ये ठेवला, आणि क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. त्याला आणखी चहा हवा असेल असं गोकुळदासला वाटलं. “संपलो,” तो म्हणाला. महादेव मान हलवून गेला.

ग्रामसभेच्या नोटिसा वाटायचं काम शिपायाचं. विषय क्रमांक चार महादेवबद्दल होता, म्हणून त्याच्या हातात नोटीस देऊन सही घ्यायची होती. गोकुळदासने ती तीन दिवस खिशात वागवली. चौथ्या दिवशी तो खोलीवर गेला, तर दाराला कुलूप. शेजारणीने सड्याकडे बोट दाखवलं.

यशोदाच्या बागेतली जी तीसेक झाडं वाचली होती, त्यांच्या खाली महादेव एकटाच कापत होता. सकाळचं दंव अजून पुरतं गेलं नव्हतं. कोयता सपसप चालत होता आणि कापलेलं तो लगोलग पेंढ्या बांधून वाटेवर नेऊन टाकत होता.

“हें कोणी सांगलां तुका?” गोकुळदासने विचारलं.

“कोणी नाय.” महादेवने पाठ सरळ केली. “औंदा हय परत आग लागली तर कोणाचा नाव येतला? माझाच. तेच्यापेक्षा कापून टाकलेला बरा.”

गोकुळदासने नोटीस पुढे केली. महादेवने हात पुसले, सही केली, कागद घडी करून टोपीत ठेवला. “घरवाल्यान सांगल्यान, पोलिसांत नाव गेला तर खोली खाली कर. पोरगी दहावीक आसा. मार्चात परीक्षा.” तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता, उद्या पाऊस येईल असं सांगावं तसं सांगत होता. “बारा वर्षा ऱ्हवलंय, गोकुळदासभाऊ. गावाक परत जावचा तर काय तोंडान जावचा?”

गोकुळदास सांगणारच होता. निवृत्तीला तीन महिने राहिले होते. लोक काय म्हणतील, यशोदावहिनी काय म्हणेल, हे सगळं एकदम मनात आलं. “बघुया आयतारी,” एवढंच तो म्हणाला, आणि स्वतःचीच लाज वाटून भराभर खाली उतरला.

त्या रात्री त्याने बायकोला, भाग्यलक्ष्मीला, सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला नाही. तिने फक्त विचारलं, “आतां माका सांगलांत. म्हादेवाक कोण सांगतलो?”

रविवारी हॉल भरला होता. गोकुळदास माईक घेऊन फिरत होता. ज्याला बोलायचं असेल त्याच्या हातात माईक द्यायचा, त्याचं संपलं की काढून घ्यायचा, आणि लांबलं तर हळूच हात पुढे करायचा, यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. पहिले तीन विषय झाले. चौथा विनोदिनीने वाचला: अर्ज नामंजूर करणे व आगीच्या घटनेबाबत पोलिसांत तक्रार देणे. कोणाला काही बोलायचं आहे का, तिने विचारलं. तीन-चार हात वर गेले. गोकुळदास पहिल्या हाताकडे निघाला, दोन बाकांच्या मध्ये आला, आणि थांबला.

माईक त्याच्याच हातात होता. इतक्या वर्षांत तो त्यात एकदाही बोलला नव्हता.

“ती विडी म्हादेवाची न्हय,” तो म्हणाला. आवाज एवढा मोठा आला की तो स्वतःच दचकला. “ती माझी.”

कोणाला काही कळेना. मग त्याने सगळं सांगितलं. चुकलेली राखण, न गिळलेला घास, औषधाची बाटली, दोन झुरके, खळगा. वारा होता हे सांगितलं, बाजूला करडाचे ढीग होते हेही सांगितलं. सांगताना तो कोणाकडे बघत नव्हता. माईकवरच्या जाळीकडे बघत होता. “मी मागे वळान पळयलां ना,” तो शेवटी म्हणाला. “नेम आसा म्हणान. पळयलां आसतां तर दिसलां आसतां.”

मग पुढच्या बाकावरची यशोदा उठली. माईक तिच्याकडे न्यावा की नाही, गोकुळदासला समजेना. तिला माईक नको होता.

“गाऱ्हाणां घातलंस मरे?”

“घातलां.”

“माझ्या काजींचां नाव घेतलंस तेच्यात?”

गोकुळदासने मान खाली घातली. “पयलां तुझ्याच काजींचां घेतलां, वहिनी.”

यशोदाचा चेहरा आधी रागाने भरला, मग त्या रागाचं काय करावं हे तिला कळेनासं झालं. ती पदर सावरून बाहेर निघून गेली. गोकुळदासला वाटलं, तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

विनोदिनीने प्रोसिडिंगची वही लिहायला सेक्रेटरीपुढे सरकवली. “बरयात,” ती सेक्रेटरीला म्हणाली. “विडी गोकुळदासांची. पण ढीग कोणाचे? कापलां आणि थंयच घालून सोडलां, ते उखलूक सांगपाचां काम आमचां. तेंव बरयात.” सेक्रेटरीने मान वर न करता लिहिलं. महादेवच्या अर्जाला कोणाचीच हरकत राहिली नाही. तक्रारीचा विषय तिने लाल शाईने खोडला. राखण देणं यापुढे पहिल्या दिवशी, सकाळी दंव असताना, सगळ्यांच्या देखत आणि पाणी जवळ ठेवूनच होईल, असंही ठरलं. फक्त ते ठरावात कसं लिहायचं यावर पाऊण तास गेला. शेवटी ‘कामाच्या शुभारंभाची पारंपरिक बाब’ असं लिहिलं गेलं.

सोमवारी गोकुळदासला मेमो आला. मेमो पोहोचवायचं काम शिपायाचं, म्हणून सेक्रेटरीने तो त्याच्याच हातात दिला, आणि मिळाल्याची सहीही त्यानेच वहीत केली. निरोप समारंभाच्या भाषणांची मनातली यादी त्याने त्याच दिवशी सोडून दिली. विशेष म्हणजे, रात्री त्याला झोप लागली.

पुढच्या शनिवारी बेणणी सुरू झाली. दिवस उगवायच्या सुमाराला सगळे वळणावर जमले. महादेवच्या माणसांनी धोंड्याभोवतीचं गवत आधीच मुळापासून काढून चारी बाजूंना तांबडी माती उघडी केली होती. पाव आला, दारू आली, विडी आली. मग सगळे एकमेकांकडे पाहत उभे राहिले. गाऱ्हाणं कोण घालणार हे कोणी ठरवलंच नव्हतं. गोकुळदास मागे, सगळ्यांच्या पाठीमागे उभा होता. आज तो फक्त हजेरीला आला होता.

वाटेवरून यशोदा चढून आली. कमरेवर पाण्याने भरलेली कळशी होती. दम लागला होता. तिने कळशी धोंड्याशेजारी ठेवली आणि म्हणाली, “खंय तो गोकुळदास? वाट कोणाची बघतास?”

गोकुळदास पुढे आला.

“घाल गाऱ्हाणां,” ती म्हणाली. तिच्या आवाजात अजून माया नव्हती, पण तुटकपणाही नव्हता. “आणि औंदा विडी विझल्याबगर उठाचां ना.”

त्याने गाऱ्हाणं घातलं. “बा राखणदारा, तुझी लेकरां आज कामाक हात घालतत. माणसांक सांभाळ, गुरांक सांभाळ, ह्या सड्यावरच्या काजींक सांभाळ. चुकलां माकलां तां माझ्या माथ्यार घाल, वाड्याच्या माथ्यार नको.” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.” त्याने विडी पेटवली, दोन झुरके मारले आणि खळग्यात ठेवली. माणसं कोयते घेऊन पांगली. धोंड्यापाशी तो, यशोदा आणि महादेव एवढे उरले.

गोकुळदास जमिनीवर बसला. विडीचं टोक एकदा लाल होत होतं, एकदा राखेत बुजत होतं. तीस वर्षांत ती जळताना त्याने कधी पाहिली नव्हती. त्याच्या अंदाजापेक्षा तिला किती तरी जास्त वेळ लागत होता.

“माका म्हायत होता,” महादेव म्हणाला.

गोकुळदासने वर पाहिलं.

“त्या दिसा मी कोयती न्हेवक वर गेल्लंय. तुमी उतरताना माका दिसलात. मी त्या काजीच्या आड होतंय.” महादेव उभ्या उभ्या हातातल्या कोयत्याच्या मुठीला अंगठा घासत होता. “तुमच्या पाठसून धूर येय होतो. बारीक. माका वाटला, विडीचोच. तरी पण वाटला, हाक मारूया. तोंड उघडलंय.”

“मगे?”

“मगे मिटलंय. राखण देवन येतल्याक हाक मारूची नाय. आमच्याकडेव तसाच आसा.” त्याने कोयता मातीवर टेकवला. “मी आड वाटेन खाली गेलंय. मगे वर्षभर गप ऱ्हवलंय. तुमी देवाचा करूक गेल्लात. तुमचा नाव खयच्या तोंडान घेव? आणि घेतला तर मी हाक कित्या मारूक नाय, ता सांगूचा लागला असता.”

यशोदाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “एकान पळयलां ना, दुसऱ्यान हाक मारली ना,” ती म्हणाली. “आणि माझ्यो त्रेचाळीस काजी गेल्यो.” तिने कपाळावर हात मारला, पण मग तीच खाली बसली, गोकुळदासच्या शेजारी, आणि विडीकडे बघत राहिली. गोकुळदासला रडू आलं. त्याने ते आवरलं नाही, आणि त्या दोघांनीही त्याला आवर म्हटलं नाही.

खालून कोयत्यांचा आवाज येत होता. करड अजून ओलं होतं. विडी हळूहळू दोऱ्यापर्यंत आली, दोरा करपला, आणि टोकावरचा लाल ठिपका बारीक होत गेला. ठिपका दिसेनासा झाल्यावर यशोदाने कळशी तिरकी केली. पाणी खळग्यात भरलं आणि धोंड्यावरून तांबड्या मातीत उतरलं.

गोकुळदास उठला. माणसांना हद्द दाखवायची होती. सात जणांतले चार तरी आत्तापर्यंत चुकीच्या बाजूला गेले असणार याची त्याला खात्री होती. तो वाटेला लागला. पाय आपोआप तीस वर्षांच्या सवयीने पडत होते, मान सरळ, नजर पुढे.

“गोकुळदासभाऊ!”

हाक सड्यावर घुमली. खाली दोघा-तिघांचे कोयते थांबले. राखण देऊन चाललेल्या माणसाला हाक मारलेली त्या वळणावर कोणी कधी ऐकली नव्हती. गोकुळदास जागच्या जागी उभा राहिला. मग तो वळला, पुरता, अंगासकट, आणि धोंड्याकडे पाहिलं.

महादेव खळग्यात दोन बोटं घालून वाकला होता. त्याने ओलं थोटूक वर धरून दाखवलं.

“विझली!” तो ओरडला.